ताजी नजीर

आमच्या सरांना विरुद्ध पक्षाचे वकील चहा पाजायचे. स्वतःच्या पैशानं, वर क्रीमरोलसुद्धा. बार रूममध्ये नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, काय मान आहे या गृहस्थांना! मान कसला डोंबलाचा. दोन घोट झाले की ते हळूच विचारायचे, "सर, उद्या आपलं मॅटर आहे, त्यात आमच्या बाजूनं काही नवीन आलंय का हो?" आणि आमचे सर, ज्यांना दुसऱ्या दिवशी त्याच माणसाविरुद्ध उभं राहायचं होतं, ते कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचे. "आहे की. परवाच आलाय. मागचं पान वाचा, तुमचा मुद्दा तिथं आहे." मी शेजारी बसून कपाळावर हात मारून घ्यायचे. सर म्हणायचे, "डोकं दुखतंय का ताई? चहा घ्या."

हायकोर्टाचं खंडपीठ आमच्या शहरात आल्यानंतरची ही सुरुवातीची वर्षं. त्याआधी अपील म्हटलं की मुंबई गाठावी लागायची. आता करमाडचा माणूस सकाळी भाकरी बांधून निघाला तर हायकोर्टात जाऊन संध्याकाळी घरी परतत होता. शहरात वकिलांच्या पाट्या भराभर लागल्या. मीही तेव्हाच सनद घेऊन सरांकडे ज्युनियर म्हणून लागले. आईनं चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, माणूस लई खरा आहे. खरेपणाचा त्रास किती होतो हे मात्र आईला कुणी सांगितलं नाही.

निजामी राजवटीत, पोलीस ॲक्शनच्या आधी, सरांची सुरुवातीची शाळा उर्दूत झाली होती, नंतरची मराठीत, आणि कायदा इंग्रजीत. त्यामुळे रागावले की उर्दू, शिकवायला लागले की मराठी आणि कोर्टात उभे राहिले की इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. एक शब्द मात्र त्यांनी सगळीकडे तोच ठेवला होता, नजीर. वरच्या कोर्टानं एखाद्या खटल्यात दिलेला निकाल, जो पुढच्या खटल्यात दाखला म्हणून दाखवायचा, त्याला आम्ही सगळे 'रूलिंग' म्हणायचो. सर नजीर म्हणायचे, आणि ती त्यांना ताजी लागायची. "शिळी नजीर कोर्टात नेणं म्हणजे पाहुण्याला कालची भाकरी वाढणं," असं त्यांचं म्हणणं. कालची भाकरी कुस्करून, फोडणी देऊन खाणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना हे कसं पटणार!

निकालांचे अंक मुंबईहून छापून यायचे. बाकीच्या वकिलांना ते टपालानं मिळायचे आणि कपाटात न उघडता शोभून दिसायचे. सरांना टपालाचा धीर नव्हता. गुलमंडीतल्या एका पुस्तकवाल्याचं पार्सल एस.टी.नं यायचं. ते येणार असा सुगावा लागला की सर भल्या सकाळी बसस्टँडवर हजर. पार्सल पुस्तकवाल्याच्या नावाचं, पण तिथला माणूस सरांच्या ओळखीचा. तो सुतळी सोडून द्यायचा. मग सर तिथंच कुणाच्या तरी पोत्यांवर बसून अंक वाचायचे, आजूबाजूला हमालांची आरडाओरड चालू. पुस्तकवाल्यानं शेवटी माझ्याकडे तक्रार केली, की बाई, मला नवीन अंक जुना होऊनच मिळतो. मी ती सरांना सांगितली. सर म्हणाले, "निकाल जाहीर असतो, ताई. त्याच्या बापजाद्यांची जायदाद आहे का?"

असा अंक वाचून ते ऑफिसात शिरले की टायपिस्टचं मरण ओढवायचं. अपील टाइप होऊन, टाके घालून, सह्या होऊन तयार असायचं. सर दारातूनच ओरडायचे, "फाडा!" का, तर ताजी नजीर आली. मुद्दा तोच, शेवट तोच, फक्त मधली दोन पानं बदलायची. पण कार्बन लावून सगळ्या प्रती पुन्हा काढायच्या. टायपिस्टनं नोकरी सोडायची धमकी इतक्यांदा दिली होती, की पुढं पुढं सर त्याला "आज नाही दिलीत?" असं प्रेमानं विचारायचे.

आणि हा नजिरांचा प्रसाद फक्त कोर्टात वाटला असता तरी मी गप्प बसले असते. एका लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच त्यांनी नवरीच्या बापाला पोटगीवरचा नवा निकाल समजावून सांगितला. तो बिचारा हातात अक्षता घेऊन उभा. गुलमंडीत सरांचा ठरलेला कापडवाला होता, दुकान भाड्याचं. एकदा सर शर्टाचं कापड फाडून घेत असताना दुकानाचा मालक सहज येऊन टेकला. सर आनंदानं म्हणाले, "बरं झालं भेटलात. कालच एक नजीर आलीय, तुम्हा दोघांच्याही कामाची." आणि मालकाला स्वतःची खरी गरज दाखवता आली तर जुना भाडेकरूसुद्धा कसा निघू शकतो, हे त्यांनी मीटरपट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखंच नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मालक चहा प्यायला आला होता, शहाणा होऊन गेला. थोड्याच दिवसांत कापडवाला नोटीस घेऊन आमच्या ऑफिसात. सरांनी चष्मा चढवून ती वाचली आणि म्हणाले, "मुद्दा मात्र बरोबर मांडलाय हं." मांडणारच! सांगितला कुणी?

मी त्यांच्याशी भांडायचे. अगदी तोंडावर. "सर, आपल्या विरुद्धचा निकाल आपणच का द्यायचा? समोरच्यानं शोधावा की." यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "वकील आधी कोर्टाचा, मागून मुवक्किलाचा." हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणायचे की आपणच काही तरी ओंगळ बोललो असं वाटायचं. कायद्यानं ते चूकही नव्हते. कोर्टावर बंधनकारक असलेला निकाल आपल्याला ठाऊक असेल, तर तो लपवायचा नाही, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. फक्त ते शिकलेलं खरंच करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

मग मी त्यांना सोडून का गेले नाही, असं माझी बहीण विचारायची. एक कारण होतं. सर उभे राहून "माय लॉर्ड, कायदा असा आहे" म्हणाले, की न्यायमूर्ती पुस्तक उघडत नसत. दुसऱ्या कुणी म्हटलं की लगेच "पान दाखवा" व्हायचं. तो विश्वास मला हवा होता, फुकटात. तो फुकट मिळत नाही हे मला करमाडच्या बाईच्या केसमध्ये कळलं.

ही बाई धनगराची. नवरा वारलेला, दीर कामाला शेंद्र्याकडे, मेंढरांचं सगळं हिच्यावर. त्यांची मेंढरं पिढ्यान्पिढ्या एका शेतातून पलीकडच्या पाझर तलावावर पाण्याला जायची. शेताचा मालक आता शहरात नोकरीला, घर उस्मानपुऱ्यात. त्यानं एक दिवस वाट अडवली. वाट बंद म्हणजे मेंढरांना जालना रोडनं वळसा, भरधाव ट्रक, आणि उन्हाळ्यात तर मधेच बसकण मारणारी कोकरं. बाईनं दावा लावला. खालच्या कोर्टात ती जिंकली, जिल्हा कोर्टात जिंकली. मालक हायकोर्टात अपिलात आला आणि बाईची बाजू आमच्याकडे.

तारखेच्या दिवशी मी खूश होते. दोन कोर्टं आपल्या बाजूनं, समोरचा वकील आळशी म्हणून प्रसिद्ध. बाई हिरवं लुगडं नेसून, नवी चप्पल घालून आली होती. चप्पल चावत होती म्हणून ती हातातच धरून बाकावर बसली होती. सर आले ते काखेत नवा अंक घेऊन. थेट बसस्टँडवरून. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि वाचायला लागले.

तेवढ्यात शेतमालक बाईकडे आला. दोनदा हरलेला माणूस, आवाज खालचा होता. "कशाला ताणायचं बाई? मधून नको, बांधाच्या कडंकडंनं वाट देतो. दोघं मिळून कोर्टाला सांगू, अन् मिटवून टाकू."

बाई उठली आणि सरांसमोर येऊन उभी राहिली. "वकीलसायेब, मालक बांधाकडून वाट देतो म्हनतोय. घिऊ का?"

सरांनी मान वर केली नाही. "थांबा जरा, बाई."

बाईला वाटलं, थांबा म्हणजे घेऊ नका. मोठा वकील आहे, जिंकणार असेल. ती मालकाला म्हणाली, "सायेब थांबा म्हनत्यात." मालक खांदे पाडून निघून गेला.

मी म्हटलं, "सर, बाई काय विचारतायत ते तरी ऐका." सरांनी तो अंक माझ्या हातात कोंबला. "आधी हे वाचा." मी वाचलं. आमच्याच हायकोर्टाचा, मोठ्या बेंचचा नवा निकाल. दुसऱ्याच्या शेतातून माणूस मालकाच्या मेहरबानीवर जात असेल, तर कितीही वर्षं गेला तरी त्याचा हक्क होत नाही. आणि आमच्या बाईनं खालच्या कोर्टात जबानीत सांगितलेलं होतं, "मालकाचा बाप लई चांगला, कधी नाय म्हनला नाय."

"सर," मी म्हटलं, "मी मालकांना परत बोलावते. बाईंना बांधाची वाट घेऊ द्या. आत्ताच्या आत्ता."

"हे वाचल्यावर?" सर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांचा खिसा कापला. "हा निकाल खिशात ठेवून तडजोड करायची? फसवणूक होईल ती."

"कुणाची फसवणूक? शोधायचं काम त्यांच्या वकिलाचं आहे!"

"कोर्टाची, ताई."

शिपायानं तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. सर झपझप आत गेले. मी त्यांच्यामागं पळत, त्यांचा गाऊन ओढत कुजबुजत होते, "सर, पास ओव्हर मागा. जेवणाच्या सुट्टीनंतर घ्या म्हणा. तेवढ्यात मी बाईंशी बोलते." वकिलाला अडचण असली की न्यायमूर्ती मॅटर थोडं मागं ढकलतात, रोज डझनभर वकील ते मागतात. सर म्हणाले, "अडचण कसली? मी तयार आहे."

समोरच्या वकिलानं जांभई दाबत जे काही सांगायचं ते सांगितलं. मग सर उभे राहिले. "माय लॉर्ड, माझ्या विद्वान मित्राच्या पाहण्यात न आलेला एक निकाल आहे. तो माझ्या विरुद्ध आहे. तो मी आपल्यासमोर ठेवतो." त्यांनी अंक पुढं केला. समोरच्या वकिलाची जांभई तोंडातच राहिली. न्यायमूर्तींनी वाचलं, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाले की असे वकील बारचं भूषण आहेत. मग सरांनी आमची केस त्या निकालापेक्षा वेगळी कशी, हे जिवाच्या आकांतानं मांडलं. इतकं सुंदर मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पण बाईची जबानी कागदावर होती, ती काही बदलणार नव्हती. न्यायमूर्तींनी भर कोर्टात निकाल सांगायला सुरुवात केली. मालकाचं अपील मंजूर. खालचे दोन्ही निकाल रद्द.

मागच्या बाकावर बाई हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती. सगळं इंग्रजीत चाललेलं, आणि न्यायमूर्तींनी सरांची स्तुती केलेली तिला सुरावरून कळली होती.

बाहेर पायऱ्यांवर तिनं मला विचारलं, "झालं ना ताई?" मी तिला सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, सर शेजारी उभे असताना, काही न झाकता. कसला निकाल होता, तो कोर्टापुढं कुणी ठेवला, आणि सकाळी मालक वाट देत होता तेव्हा तो कुणाच्या हातात होता.  बाईनं सरांकडे बघितलं.

"सायेब, जज्जाला सांगितलं ते मला कामून नाय सांगितलं?"

सरांनी तोंड उघडलं.

"मी इच्यारलं व्हतं की तुम्हाला. घिऊ का म्हून इच्यारलं व्हतं. तवाच म्हनले असते, बाई, आपुन हारतो, तर मी वाट घेतली असती. मंग जज्जाला सांगा नायतर देवाला सांगा."

 बाईनं चपला हातात घेतल्या आणि ती अनवाणी पायऱ्या उतरून गेली. मला तेव्हा सरांचा इतका राग आला होता की त्यांची दया येत होती हेच मला कळत नव्हतं.

"चला ताई, उस्मानपुऱ्याला," सर एकदम म्हणाले.

मालकाच्या घरी पेढे आले होते. आम्हाला पाहून तो धावतच पुढं आला. "या या साहेब! तुमच्या कृपेनं झालं सगळं. आमचा वकील तर झोपला होता." त्यानं सरांच्या हातात पेढा ठेवला. सर तो पेढा तसाच धरून बसले आणि म्हणाले, "सकाळी तुम्ही बांधाच्या कडेनं वाट देत होतात. ती द्या. मी मागतोय."

सरांना कुणाकडे काही मागताना मी पहिल्यांदा पाहिलं. मालकालाही अवघडल्यासारखं झालं. तो काही वाईट माणूस नव्हता. पण म्हणाला, "सकाळी मी हरणार होतो, साहेब. म्हणून देत होतो. आता कशाला देऊ? कोर्टानंच सांगितलं ना, वाट म्हणजे मेहरबानी होती. मग ती करायची का नाही, हे मी ठरवणार."

जिन्यावरून उतरताना सर म्हणाले, "कायद्यानं बरोबर आहे त्याचं." माझ्या मनात आलं, यांना इथूनच ढकलून द्यावं. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पेढा अजून हातातच आहे. तो त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवला. खाल्लाही नाही आणि टाकलाही नाही.

त्या रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर. अंगात काळा कोट. म्हणे, करमाडला जायचंय, बाईंना आपण स्वतः सांगायला पाहिजे. मी म्हटलं, "काय सांगणार? मालक नाही म्हणाला हे सांगायला कोट घालून जायचं?" म्हणाले, "हे तरी त्यांना आधी कळू दे." एस.टी.नं करमाडला उतरलो. शेताला काटेरी तार ओढून झाली होती. विचारत विचारत गेलो तर बाई जालना रोडच्या कडेला सापडली. कळप मागं दाटलेला, तहानेनं मेंढरं ओरडत होती, आणि ट्रक, टेम्पो, एस.ट्या यांना खंड नव्हता. दोनदा तिनं पुढची मेंढी रस्त्यावर घातली आणि दोनदा हॉर्न ऐकून ती मागं फिरली.

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, मी मालकाकडं गेलो होतो. तो नाही म्हणतो. चूक माझी झाली. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

बाईनं त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. तिची नजर रस्त्यावर होती. "आता सांगून काय करू सायेब? आलाच हाय तर त्या रस्त्याच्या मधी हुबं ऱ्हावा. गाड्या थांबवा. माजी मेंढरं पार व्हऊ द्या."

आणि आमचे सर गेले. मी "सर, सर!" करत राहिले, पण ते काळ्या कोटात, गळ्यातल्या पांढऱ्या बँडसकट, जालना रोडच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. एक ट्रक करकचून ब्रेक मारत त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून त्यांच्या आईबापांचा उद्धार केला. मागं गाड्यांची रांग लागली, सगळे हॉर्न एकदम वाजायला लागले. "अरे ओ काले कोट, तेरे बाप की सडक है क्या?" कुणीतरी ओरडलं.  सरांनी हात खाली घेतले नाहीत. मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी, त्यांच्या पायांना घासत जात होती. शेवटी मीही पर्स खांद्याला अडकवून पलीकडच्या बाजूला उभी राहिले आणि जालन्याकडून येणाऱ्या गाड्या अडवल्या. दुसरं करणार काय?

शेवटचं कोकरू मधेच बसलं. बाई परत आली, तिनं ते उचलून काखेत घेतलं. सरांचे हात अजून वरच होते.

"व्हा बाजूला आता," ती म्हणाली. "उद्या याच वक्ताला येते मी."